यंदा गोठा मांडावा का?

प्रिय भगिनी,

पावसाळ्याच्या तोंडावर तुमचे पती गेले, दिवाळीआधी मुलाची नोकरी सुटली आणि आता मालाडच्या घरात सासूबाई विचारत आहेत की नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, केव्हा मांडायचा. प्रार्थनेला बसल्यावर शब्द फुटत नाहीत, देवावर भरवसा उरलेला नाही आणि अशा मनाने गोठा मांडणे म्हणजे ढोंग होईल, असे तुम्ही लिहिता.

ते ढोंग होणार नाही. भरवसा म्हणजे मन शांत असणे, अशी समजूत आपण करून घेतो. पण ज्या कथेसाठी आपण गोठा मांडतो, तिच्यात शांत मनाची माणसे फारशी नाहीत. मरियेचा पती योसेफ याच्याकडे पाहा. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्याला चार वेळा स्वप्नात सूचना मिळते आणि दर वेळी ती पुढच्या पावलापुरतीच असते: मरियेचा स्वीकार कर, बाळाला व आईला घेऊन मिसर देशात पळून जा, इस्राएलात परत ये आणि अखेरीस गालीलाकडे वळ. परदेशात किती काळ काढावा लागेल, हेही त्याला कळत नाही. मी सांगेपर्यंत तिथेच राहा, एवढेच देवदूत सांगतो. आणि तो रातोरात निघतो. त्याच कथेत बेथलेहेमातल्या बाळांची हत्या आहे, जिची आठवण चर्च 28 डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या आठवड्यातच, करते. तुमच्या दुःखाला या सणात जागा नाही असे मुळीच समजू नका.

प्रार्थना सुचत नसेल तर बायबलमधले स्तोत्र 13 उघडा. देवा, तू मला किती काळ विसरणार, या प्रश्नानेच ते सुरू होते. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात प्रार्थना म्हणून जपले गेले. देवाशी भांडणारा माणूस देवाशी बोलतच असतो. म्हणून तुमचा राग मला अविश्वासापेक्षा भरवशाच्या अधिक जवळचा वाटतो.

मध्यरात्रीच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, गर्दी आणि जोडप्याजोडप्याने आलेली कुटुंबे यंदा सोसवणार नसतील, तर सकाळच्या मिस्साला जाऊन मागच्या बाकावर बसा. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला सर्व धर्मांची माणसे येतात. तिथे इतरांच्या प्रार्थनेत काही न बोलता उभे राहता येते. मात्र झोप उडाल्याचे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे, ते ओझरते सोडू नका. डॉक्टरांना भेटा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. मुलाच्या नोकरीविषयी तुमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) फादरांना स्पष्ट सांगा, कारण अशा वेळी संकोचामुळे बरीच मदत दारापर्यंत पोहोचतच नाही.

राहिला गोठा. तुमचे पती म्हणजे सासूबाईंचा मुलगा. त्या गोठ्याची घाई का करीत असाव्यात, याचा विचार करा आणि एखाद्या संध्याकाळी त्यांना मोकळेपणाने सांगा की तुम्हाला प्रार्थना जमत नाही. कदाचित त्यांनाही जमत नसेल. मग दोघी मिळून ठरवा. जमेल तेवढाच मांडा आणि मुलाला गवत आणायला पाठवा.

तुमची,
ताई