गॅरेजच्या दारातून : ट्रॅकसाठी जुनी गाडी कुठली घ्यावी?

प्रश्न : काका, मी कुपवाड एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. कोल्हापूरला गो-कार्टिंग केलं, तेव्हापासून खऱ्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचं डोक्यात बसलंय. शर्यती जिंकायच्या नाहीत, नीट चालवायला शिकायचंय. जवळ दीड लाख रुपये आहेत. दोन गाड्या बघितल्यात. एक 2002 ची होंडा सिटी व्हीटेक, मालक दीड लाखाच्या खाली येत नाही. दुसरी 2004 ची मारुती एस्टीम, 65 हजारांत मिळतेय. मित्र म्हणतात सिटीच घे. काय करू? — एक वाचक, कुपवाड

उत्तर : एस्टीम घे. हीच एस्टीम घ्यायची का, ते मात्र गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय ठरवू नकोस.

मित्र इंजिनाबद्दल बोलतात ते खरं आहे. सिटीचं दीड लिटरचं व्हीटेक इंजिन 106 अश्वशक्तीचं, एस्टीमचं 1.3 लिटरचं 85 चं. रॅलीवाल्यांनी त्या सिटीवर उगाच जीव नाही टाकला. पण दीड लाख गाडीतच गेले तर टायर कशाचे घेणार? ब्रेकचे पॅड, डिस्क, पेट्रोल, ट्रॅकची फी कुठून आणणार? शिवाय या व्हीटेकच्या मागं पोरं वीस वर्षं लागलेली आहेत. कुणी सायलेन्सर कापला, कुणी वायरिंगला हात घातला, कुणी स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. मूळ स्थितीतली सिटी ज्यांच्याकडं आहे ते लोक ती विकत नाहीत.

माझ्या दृष्टीनं त्याहून मोठं कारण वेगळं आहे. सांगलीच्या जवळपास तुझ्या कामाचा मोठा ट्रॅक नाही. कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला कारी मोटर स्पीडवे आहे, 2.1 किलोमीटरचा. चेन्नईच्या बाहेर श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे. कुठंही जा, एका बाजूनं हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. ट्रेलरवर टाकून न्यायचं भाडं तुझ्या पगारात बसणार नाही. म्हणजे गाडी चालवत न्यायची, दिवसभर पिळायची आणि त्याच गाडीतून परत येऊन शिफ्टला हजर व्हायचं. येताना चित्रदुर्गजवळ रेडिएटरचा पाईप फुटला तर मारुतीचा पाईप तिथं मिळेल, आणि तो बसवणारा माणूसही मिळेल. जुन्या सिटीचा भाग कुरिअरनं येईपर्यंत तू लॉजवर. कुठली गाडी मला परत घरी आणेल, हे आधी विचार आणि मग अश्वशक्ती मोज.

एस्टीम 900 किलोच्या आतली गाडी आहे. हलकी गाडी ब्रेकला आणि टायरला कमी खाते, आणि शिकणाऱ्याला आपण वळणात काय केलं ते लगेच सांगते. कारी ट्रॅक ज्यांच्या नावानं आहे त्या करिवर्धन यांनी मारुती 800 च्या इंजिनावर एकसीटी रेस गाड्या बांधल्या होत्या, फॉर्म्युला मारुती म्हणून. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन, त्याची पहिली शर्यत त्यातच झाली. छोट्या इंजिनावर शिकण्यात कमीपणा कसलाच नाही.

आता गाडी कशी बघायची. सांगलीत जुनी गाडी घेताना मी सगळ्यात आधी पूर बघतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. मारुती चौक, शामरावनगर भागात गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन, पॉलिश मारून बाजारात आल्या. विकणारा सीट कव्हर बदलतो, मॅट बदलतो, पण सीटबेल्ट बदलत नाही. बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ. एरवी गुंडाळीच्या आत राहणारा तो शेवटचा हातभर पट्टा बोटांत धरून बघ. पुराचं पाणी शिरलेलं असेल तर तिथं मातकट रेघ असते आणि पट्टा करकरीत, खरखरीत लागतो. मग डिकीतला स्टेपनीचा खड्डा बघ, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचल, फ्यूज बॉक्सचं झाकण काढ. पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर गाडी फुकट दिली तरी घेऊ नकोस. पुरातलं इंजिन दुरुस्त करता येतं. वायरिंग मात्र तुला हुबळीच्या अलीकडं, रात्री, पावसात दगा देईल.

खालून बघताना पत्रा बोटानं दाब. चेसिसच्या कडा, शॉकअपचे माउंटिंग, लोअर आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे खालचे दांडे) जिथं बसतात तिथं गंज असेल तर सोडून दे. वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला पत्रा नाण्यानं ठोकला की भरीव वाजतो. ऑइल भरायचं झाकण काढून आत बघ. चहासारखा फेस दिसला तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगमधून) पाणी ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी कर, चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ यायला हवेत. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर बदललाच नाही असं धर आणि टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीसकट) नवा टाक. पेट्रोलच्या रबरी पाईपही नव्या घाल. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून येत असेल, पण 2004 चं रबर त्या हिशेबानं बनवलेलं नव्हतं.

कागदपत्रांत घाई करू नकोस. 2004 ची गाडी म्हणजे 2019 मध्ये पंधरा वर्षं भरली, तेव्हा रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवलेलं असणार. ते 2024 मध्ये पुन्हा संपलं. ते नव्यानं झालंय का ते आरसीवर बघ. पंधरा वर्षांपुढच्या कारच्या नूतनीकरणाची फी 1 एप्रिल 2022 पासून 5 हजार आहे, वीस वर्षांपुढं त्याहून जास्त, पर्यावरण कर वेगळा. पासिंग झालेलं नसेल तर ते काम आणि तो खर्च आधीच्या मालकाकडून करून घे, मगच पैसे दे. 'एजंट करून देतो' यावर विश्वास ठेवू नकोस.

गाडी घेतल्यावर पहिला खर्च ब्रेकचा. लोक आधी अलॉय आणि एअर फिल्टरकडं धावतात, मला ते बघवत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 3 प्रतीचं ऑइल नवं असताना 205 अंशांना उकळतं, पाणी धरलेलं 140 लाच. ट्रॅकवर एकामागून एक ब्रेक मारताना डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल फळीला टेकतं. गाडी मात्र थांबत नाही. म्हणून सगळं जुनं ऑइल काढून चांगलं डॉट 4 भर. ते नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत तग धरतं. पुढच्या डिस्क आणि पॅड नवे, मागचे ड्रम उघडून साफ, चारही होज पाईप नवे. टायर चारही एकाच कंपनीचे. कडेवरचा चार आकडी शिक्का बघ : 1823 म्हणजे 2023 चा अठरावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी जुनाट, कडक झालेलं टायर नको.

पहिल्यांदा जाशील तेव्हा सलग फेऱ्या मारू नकोस. तीन-चार फेऱ्या झाल्या की एक सावकाश फिरून गाडी गार कर, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, गिअरमध्ये ठेव. हेल्मेट कुठलं चालेल ते आयोजकांना विचारूनच घे. आणि नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी धरत नाहीत, तेव्हा ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुझा.

ही एस्टीम सडलेली निघाली तर थोडं थांब आणि 1.3 पेट्रोलची स्विफ्ट शोध. 2005 ते 2010 मधल्या त्या गाडीत त्याच घराण्यातलं इंजिन आहे. ती थोडी जड आहे, पण चेसिस जास्त घट्ट आणि 14 इंची टायर सहज मिळतात. ती महाग पडेल, मग टायरसाठी आणखी दोन पगार थांबावं लागेल.

प्रश्न : माझा मुलगा मित्रांबरोबर रात्री हायवेवर गाड्या पळवतो. त्याला ट्रॅकसाठी एक जुनी गाडी घेऊन दिली तर हे सुटेल का? — एक पालक, कऱ्हाड

उत्तर : ताई किंवा दादा, जे कुणी असाल, गाडी आत्ता देऊ नका. आधी त्याला कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर घेऊन जा, तुम्ही स्वतः सोबत जा आणि त्याच्या फेऱ्यांच्या वेळा लिहून घ्या. वेळ कमी करायला तो पुन्हा पुन्हा तिथं जायला लागला तर त्याला चालवण्याची आवड आहे. मग गाडीचं बोलू. एकदाच जाऊन कंटाळला तर त्याला मित्रांसमोरचा वेगच हवा आहे, आणि तुम्ही घेऊन दिलेली गाडीसुद्धा त्याच हायवेवर जाईल. उंब्रजपासून कऱ्हाडपर्यंत उसाच्या ट्रॉल्या मागं दिवा नसताना चालतात, हे त्याला दिवसा घेऊन जाऊन दाखवा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही त्याच्या कानावर घाला. रागावून नको, जेवताना सांगा.

प्रश्न : सीएनजी किट बसवलेली वॅगन आर ट्रॅकवर चालेल का? — तासगाव

उत्तर : नको. सिलिंडरचं वजन मागच्या टोकाला बसतं, वळणात गाडीचा तोल बिघडतो, आणि गॅसवर ताकदही कमी मिळते. प्रवेश देताना आयोजकच अडवण्याची शक्यता जास्त. ती गाडी तासगाव–सांगली रोजच्या फेऱ्यांना उत्तम आहे, तिथंच ठेवा.