पालक शाळेत का येत नाहीत? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शाळा आणि पालक यांच्या संबंधांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची बीड जिल्ह्यातील दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे. दिवाळीनंतर निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. पालकसभेला आज्या येऊन बसतात आणि सही किंवा अंगठा करून जातात. अशा परिस्थितीत पालक-सहभाग कसा मिळवायचा? — एक मुख्याध्यापक

आपल्या पत्रातील एका वाक्यापासून सुरुवात करतो : ‘पालक नसतात, म्हणून आज्या येतात.’ शिक्षण हक्क कायद्याच्या व्याख्येनुसार ज्या व्यक्तीकडे बालकाची देखभाल व ताबा आहे, ती त्या बालकाची पालक होय. त्यामुळे हंगामाचे पाच-सहा महिने नातवंडांना सांभाळणारी आजी ही बदली म्हणून आलेली पाहुणी नसून कायद्याच्या दृष्टीनेही पालकच आहे. तिला शाळा व्यवस्थापन समितीवर घेण्यासही या व्याख्येची आडकाठी नाही. सभेत तिच्याशी बोलण्याचा सूर या समजुतीने बदलला, तर निम्मे काम होईल.

तिला वाचता येत नाही, म्हणून ती अभ्यासात काही करू शकत नाही, हे गृहीतकही सोडून द्यावे. नातवाची जूनमधली वही आणि आजची वही शेजारी शेजारी ठेवून दाखवा. अक्षर सुधारले की नाही, हे पाहण्यासाठी साक्षर असावे लागत नाही. रोज संध्याकाळी मुलाने पुस्तकातील एक पान मोठ्याने वाचावे आणि त्यात काय घडले ते आजीला सांगावे, एवढेच तिच्याकडून मागा. पहिलीतल्या मुलांसाठी राज्यात २०२२ पासून शाळापूर्व तयारीच्या निमित्ताने माता पालक गट उभे राहिले. आपल्या गावात त्यांत आज्यांनाही सामावून घ्या.

आता आईवडिलांविषयी. त्यांच्याशी बोलण्याची खरी वेळ ऊसतोड टोळ्या निघण्यापूर्वीची, म्हणजे गणपती ते दसरा या दरम्यानची आहे. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली गेली आणि जाण्याचा दिवस ठरला की घरात कोणालाच शाळेचे ऐकायला सवड नसते. म्हणून त्याआधी वस्तीवर जाऊन प्रत्येक कुटुंबाशी तीन गोष्टी ठरवाव्यात : मूल मागे राहणार की बरोबर जाणार, मागे राहिल्यास त्याची जबाबदारी कोणावर, आणि संपर्क कोणत्या क्रमांकावर करायचा. मूल मागे ठेवायचे, पण घरी कोणी नाही, असे असेल तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव व्यवस्थापन समितीमार्फत वेळेत पाठवावा. मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक त्याच्या आईच्या हाती द्यावे आणि कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून प्रवेश कसा मागायचा, हे तिला समजावून सांगावे. नुसता कागद पिशवीत राहतो, हा अनेक शाळांचा अनुभव आहे.

उसाच्या फडातून कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीवर, परतण्याची वेळ ठरलेली नसते, कारण गाडी भरायला रात्रीही जावे लागते. त्यामुळे ठरावीक वेळी फोन करण्याचा आग्रह न धरता आठवड्यातून एकदा मुलाच्या आवाजातला छोटा संदेश पाठवावा. मुलाने वाचलेली कविता आईने ऐकली, तर गुढीपाडव्यानंतर ती परतते तेव्हा शाळेशी तिचे बोलणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही.

पालक येत नसतील तर शाळेने त्यांच्याकडे जावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला काम सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा वर्गच त्यांच्या अंगणात नेण्यात आला. पुढे जवळच्या कोसबाडला त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्यासह गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालवली गेली. ज्या कामामुळे मूल शाळेत येत नव्हते, त्या कामाला दोष न देता त्याच्या वेळेशी शाळेने जुळवून घेतले.

प्रश्न : मुलाची अभ्यासातील अडचण मी वडिलांना सांगितली की दुसऱ्या दिवशी मूल मार खाऊन येते. आता सांगावे की सांगू नये, हेच कळत नाही. — तिसरीच्या वर्गशिक्षिका, नाशिक जिल्हा

सांगावेच लागेल. मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित सभा घेऊन कळवणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. मात्र या कर्तव्यात मुलाची ‘तक्रार’ करणे येत नाही. आपल्याकडे पालकांना शाळेतून बोलावणे येते ते बहुधा तक्रारीसाठीच, आणि वडिलांना ते स्वतःच्या अपमानासारखे वाटते; विशेषतः फाटकाजवळ, इतर पालकांच्या देखत आणि मूल शेजारी मान खाली घालून उभे असताना बोलणे झाले तर. तो राग घरी मुलावर निघतो.

‘गणितात कच्चा आहे’ या वाक्याचे बाप काय करणार? त्याला कृती सुचत नाही, म्हणून तो हात उगारतो. त्याऐवजी वही उघडून नेमकी चूक दाखवावी. समजा, मुलाने ४२ मधून १७ वजा करून उत्तर ३५ लिहिले आहे. वडिलांना सांगावे की तो एककाच्या घरात ७ मधून २ काढतो, कारण लहान अंकातून मोठा जात नाही एवढेच त्याच्या लक्षात राहिले आहे; दशक सुटा करायचा असतो हे अजून उमगलेले नाही. हा आळस नाही आणि अवज्ञाही नाही, एक पायरी राहून गेली आहे. मग एक काम द्यावे : घरी दहाच्या चार नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी मुलापुढे ठेवून त्याच्याकडे सतरा रुपये मागावेत. सात सुटे देता येत नाहीत म्हणून मूल दहाची नोट मोडून मागेल. ती सुटी करून द्यावी आणि मग किती उरले ते मोजायला लावावे. ज्या वडिलांची भाजीची गाडी किंवा पानटपरी आहे, ते हे कोणत्याही शिक्षकापेक्षा चांगले शिकवतील, आणि तसे त्यांना मोकळेपणाने सांगण्यात शिक्षकाला कमीपणा नाही.

आणखी एक पथ्य पाळा. ज्या घरी मार बसतो हे ठाऊक आहे, त्या घरी पहिला निरोप चांगल्या बातमीचा जाऊ द्या, आणि अडचणीचे बोलणे त्यानंतर, शक्यतो आईवडील दोघांशी व मूल समोर नसताना करा. इतके करूनही अंगावर वळ दिसत असतील, तर तो पालक-संपर्काचा विषय राहत नाही. मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि १०९८ या बालक मदतवाहिनीची मदत घ्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. बैठक न होताच नोंदवही घरी सहीसाठी येते. मी फार शिकलेली नाही. विचारले तर ‘तुम्हाला त्यातले कळणार नाही’ असे उत्तर मिळते. — एक माता-पालक, सोलापूर जिल्हा

सही थांबवा. तो आपला अधिकार आहे. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ही समितीची कामे आहेत. अनुदानित खासगी शाळेत समितीची भूमिका सल्ल्याची असते. आपली शाळा जिल्हा परिषदेची असल्याने हा प्रश्न येत नाही.

भांडण न करता पुढील मार्ग घ्यावा. बैठक महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी. तिची तारीख आणि विषय आधी कळवावेत, असे सदस्य सचिव या नात्याने मुख्याध्यापकांना एका साध्या अर्जाने कळवा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बैठकीत मागील इतिवृत्त मोठ्याने वाचायला सांगा. बँकेचे पासबुक आणि खर्चाची बिले टेबलावर ठेवायला सांगा. पंखे बसवल्याचे बिल असेल तर वर्गात जाऊन पंखे मोजून या. पोषण आहाराची चव घेऊन चव नोंदवहीत अभिप्राय लिहिणे हे तर कोणतेही पालक करू शकतात. यात ‘न कळण्यासारखे’ काय आहे?

एक सूचना आगाऊपणाची वाटेल, तरी करतो. अध्यक्षबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसलेले मी अनेक गावांत पाहिले आहेत. बैठकीला आपण स्वतः जा.

प्रश्न : वर्गाचा व्हॉट्सॲप गट हाताबाहेर गेला आहे. गृहपाठापासून राजकारणापर्यंत सगळे त्यावर येते. तो बंद करावा का? — शिक्षक, पुणे

बंद करू नये. केवळ गटचालकच संदेश पाठवू शकेल अशी व्यवस्था करावी आणि त्यावर सूचनांखेरीज काही टाकू नये. एखाद्या मुलाचे गुण, वर्तन किंवा थकलेली फी यांचा उल्लेख गटात कधीही नको. मात्र घरातला एकुलता एक फोन बहुतेक वेळा वडिलांच्या खिशात असतो आणि दप्तर भरणाऱ्या आईपर्यंत निरोप पोचत नाही, म्हणून महत्त्वाची सूचना मुलाच्या दैनंदिनीतही लिहून द्यावी.

प्रश्न : आमच्या इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायद्याखालील पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांचे पालक सभांना येत नाहीत, आले तरी मागे गप्प बसतात. — उपमुख्याध्यापिका, ठाणे

सभा कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या भाषेत होते, हे आपण लिहिलेले नाही. ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला आणि इंग्रजीत होत असेल, तर घरकाम करणाऱ्या बाईला किंवा रिक्षाचालकाला त्या दिवसाची कमाई सोडून न समजणारे भाषण ऐकायला यावे लागते. सभा रविवारी किंवा संध्याकाळी घ्या आणि मराठी-हिंदीत बोला. ठाण्यातील इतर पालकांनाही त्याने काही अडचण होणार नाही. काहींना हायसेच वाटेल. या पालकांची वेगळी सभा मात्र घेऊ नका, आणि सर्वांसमोर त्यांचा ‘राखीव जागांचे पालक’ असा उल्लेख तर मुळीच नको.

खासगी शाळांना लागू असलेल्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक हे पालक-शिक्षक संघाचे सदस्य असतात आणि कार्यकारी समितीतील पालक इच्छुकांमधून सोडत काढून निवडले जातात. सोडतीत इंग्रजी येते की नाही, याला महत्त्व नाही. पण ज्याला हे माहीतच नाही तो नाव देणार कसा? पुढच्या सोडतीची सूचना मराठीत काढा, आणि अर्ज भरण्यासाठी मदत लागल्यास कार्यालयात कोणाला भेटायचे, त्या कर्मचाऱ्याचे नाव तिच्यात लिहा.