हस्तिदंत नको असेल तर जुनी जपानी नेत्सुके कशी जमवावीत?

तुम्ही विचारलंय की लाख, धातू, लाकूड आणि चिनीमातीची जुनी नेत्सुके (दोरीच्या टोकाला बांधायचे छोटे कोरीव नग) जमवायची आहेत, हस्तिदंत घरात नको, तर खरा जुना नग ओळखायचा कसा. मी नोकरीनिमित्त टोकियोजवळ राहतो आणि मुख्यतः लाकडी नेत्सुके जमवतो, त्यामुळे लाकडाबद्दल थोडं जास्त लिहितोय.

कारागिराच्या सहीच्या आधी भोकं बघा. किमोनोला खिसे नसतात. एदो काळात (1603–1868) पुरुष औषधाची डबी (इनरो) किंवा तंबाखूची थैली दोरीने कमरेच्या ओबीखालून (कापडी पट्ट्याखालून) लटकवत, आणि ती निसटू नये म्हणून दोरीच्या वरच्या टोकाला नेत्सुके बांधत. म्हणजे ही शोभेची मूर्ती नाही, रोजच्या वापरातली वस्तू आहे. दोरी ओवायच्या दोन भोकांना हिमोतोशी म्हणतात. अनेकदा त्यातलं एक मोठं असतं, कारण दोरीची गाठ आत लपवायची असते. काही नगांना भोकं पाडलेलीच नसतात. वाकवलेला पाय किंवा अंगाशी आणलेली शेपटी यांच्या फटीतून दोरी जाते. नग दोरीवर टांगला की चेहरा बाहेरच्या बाजूला यायला हवा. भोकांच्या कडा धारदार असतील, किंवा टांगल्यावर उंदीर उलटा लोंबत असेल, तर तो पर्यटकांसाठी नंतर केलेला माल समजा.

मग झीज बघा. बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या जुन्या बेडकाच्या पाठीवरचे फोड जात्याच्या खुंट्यासारखे गुळगुळीत झालेले असतात, पण पोटाखालच्या खाचेत कोरणीचा माग अजून स्पष्ट दिसतो. नकली नगात हे नेमकं उलटं होतं. खाचांमध्ये काळा रंग भरलेला असतो आणि उंचवटे सगळीकडे सारखेच घासलेले असतात. भिंगातून पाहिल्यावर बारीक बुडबुडे किंवा साच्याची शिवण दिसली, तर ते राळेचं ओतकाम आहे.

सहीवर मात्र भिस्त ठेवू नका. 1781 साली ओसाकात निघालेल्या ‘सोकेन किशो’ या ग्रंथात नेत्सुके कोरणाऱ्यांची यादी आहे, आणि क्योतोच्या तोमोतादा या कारागिराने कोरलेल्या बैलांच्या नकला बाजारात फार आहेत, अशी तक्रार त्यातच केलेली आहे. उलट त्याच काळातला ओसाकाचा योशिमुरा शुझान सहीच करत नसे. मला विचाराल तर चांगल्या कोरणीचा बिनसहीचा नग केव्हाही बरा.

आता तुमच्या अटीबद्दल. ‘लाकडी’ नेत्सुकेचे डोळे किंवा भोकांच्या कडा कधीकधी हस्तिदंताच्या असतात. धातूच्या कागामिबुता प्रकारात तर हा धोका आणखी मोठा आहे. वर धातूची गोल चकती आणि खाली वाटी अशी त्याची रचना असते, आणि वाटी बहुतेक वेळा हस्तिदंताचीच असते. लाकडाची किंवा शिंगाची वाटी असलेला नग मुद्दाम मागून घ्यावा लागतो. भारतात पाठवायचा असेल तर प्रत्येक भाग कशाचा आहे हे पावतीवर लिहून घ्या. आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकेतलं हस्तिदंतही त्यात आलं.

कागामिबुताची चकती मात्र मन लावून बघण्यासारखी असते. 1876 साली तलवार बाळगायला बंदी आली, तेव्हा तलवारीचं साज घडवणारे कारागीर अशा छोट्या कामांकडे वळले. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं. रसायनात प्रक्रिया करून त्यावर निळसर काळा थर आणतात, आणि तो थरच त्या नगाचा जीव असतो. त्याला चिंच, पितांबरी, ब्रासो काहीही लावू नका. तो थर गेला तर घरी परत आणता येत नाही.

जपानी लाख, म्हणजे उरुशी, हा झाडाचा चीक असतो. आपली लाख किड्यांपासून मिळते. उरुशीचे थरावर थर देऊन मग ते कोरले की त्सुइशु होतं, आणि कोरलेल्या कडेला थरांच्या रेघा दिसायला हव्यात. त्या दिसल्या नाहीत तर तो रंगवलेला साचा असण्याची शक्यता जास्त. उरुशीला ऊन सोसत नाही, आणि फार कोरड्या हवेत आतलं लाकूड आकसून तडे जातात. एसीच्या झोताखाली किंवा खिडकीपाशी हे नग ठेवू नका.

चिनीमातीची नेत्सुके कमी सापडतात, कारण ती फुटतात. मिकावाची नावाच्या गावातल्या भट्ट्यांचं पांढरं हिराडो पोर्सेलिन मला सगळ्यात आवडतं. कान, शेपूट, बोटं यांवर टॉर्च मारून डागडुजी शोधा.

विकत घेण्याआधी भरपूर पाहून घ्या. टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातला राजपुत्र ताकामादो यांचा संग्रह आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली नेत्सुके आधी बघा. क्योतोला गेलात तर तोजी मंदिराचा बाजार दर महिन्याच्या 21 तारखेला भरतो. तिथे चांगल्यासोबत नकलाही भरपूर असतात, म्हणून भिंग सोबत न्या. पहिला नग एकोणिसाव्या शतकातला, साधा, जडावकाम नसलेला लाकडी घ्या. ऑनलाइन घेत असाल तर तळाचा, दोन्ही भोकांचा जवळून आणि नग दोरीवर टांगलेला असा फोटो मागा, आणि विकणारा तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तो सौदा सोडून द्या.