पाचशे नंबर असूनही भाव पोचत का नाही?

या अंकात व्यवसायासाठी आणि गावच्या माहितीसाठी समाजमाध्यमं वापरणाऱ्या वाचकांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (देवगड): आम्ही हापूसच्या पेट्या दलालाकडे न देता थेट गिऱ्हाइकांना पाठवतो. फोनमध्ये पाचशेच्या आसपास नंबर आहेत. व्हॉट्सॲप बिझनेसवर ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवायची सोय) करून भाव पाठवला, तर जेमतेम साठ-सत्तर जणांना मिळाला. बाकीच्यांचं काय झालं?

उत्तर: ब्रॉडकास्टचा संदेश ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यालाच पोचतो. त्याचा नंबर तुमच्याकडे असून भागत नाही. पाठवलेला संदेश दाबून धरा आणि ‘माहिती’ उघडा, म्हणजे कुणाकुणाला पोचला ते दिसेल. ज्यांची नावं तिथे दिसत नाहीत, त्यांच्यापैकी बहुतेकांनी नंबर सेव्ह केलेला नसतो.

यावर उपाय पेटीतच आहे. पेंढ्यावर एक चिठ्ठी ठेवा: बागेचं नाव, नंबर, अॅपमधून मिळणारा क्यूआर कोड आणि ‘पुढच्या हंगामाचा भाव हवा असेल तर हा नंबर सेव्ह करा’ एवढं एक वाक्य. आंबा खाऊन खूश झालेला माणूस त्याच दिवशी नंबर सेव्ह करतो, महिन्याने विसरतो. जुन्या गिऱ्हाइकांना मात्र एकेकाला स्वतंत्र संदेश पाठवून विचारावं लागेल. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. सगळ्यांना न विचारता एका ग्रुपमध्ये कोंबू नका. तिथे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, लोक चिडून तक्रार करतात, आणि तक्रारी वाढल्या की तुमचाच नंबर बंद होऊ शकतो.

एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबरच बसतात, त्यामुळे तुम्हाला दोन याद्या लागणारच. त्या शहरांप्रमाणे करा. मुंबईचं भाडं वेगळं, पुण्याचं वेगळं, म्हणजे भावही वेगळा लिहावा लागतो.

आता मजकूर. भावाचं सुंदर चित्र करून पाठवलं की ते फिरत राहतं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये कुणीतरी तेच दाखवून जुन्या भावात पेटी मागतं. म्हणून भावाची मुदत संदेशातच हवी. नमुना असा: ‘देवगड हापूस. २ डझनांची पेटी, फळ २५० ते ३०० ग्रॅम. भाव अमुक, पुणे पोच भाडं धरून. फळ अर्धं पिकलेलं, ४-५ दिवसांत तयार. साका निघाल्यास फोटो पाठवा, फळ बदलून देऊ. हा भाव २० एप्रिल २०२६ पर्यंत.’ साक्याबद्दल, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याबद्दल, आधीच लिहिलेलं बरं. फळ कापल्याशिवाय तो बाहेरून कळत नाही, आणि वाद बहुतेक त्यावरूनच होतात.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या फळापुरतं आहे. तुमची त्याखाली नोंदणी झाली असेल तर नोंदणी क्रमांक व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, जरूर लिहा.

प्रश्न (अहिल्यानगर): आमच्या शेतकरी गटाची माहिती एक्सवर टाकतो. छोटासा मजकूरही मर्यादेबाहेर जातो, आणि डीटीपीवाल्याकडून आणलेला मजकूर चिकटवला तर भलतीच अक्षरं उमटतात.

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत. एक्सची, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरची, मोफत खात्याची मर्यादा २८० आहे. २०१७ पर्यंत ती १४० होती. पण मशीन आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण, प्रत्येकाचा एकेक धरला जातो. ‘शेतकऱ्यांसाठी’ आपल्याला ६ अक्षरांचा दिसतो, तिथे तो १३ भरतो. इमोजीचे २ जातात, आणि लिंक कितीही लांब असली तरी २३. त्यामुळे जोडाक्षरांनी भरलेली सरकारी भाषा इथे महाग पडते. ‘उपलब्ध करून देण्यात येत आहे’च्या जागी ‘मिळेल’ लिहा. कमी जागेत बसतं आणि शेतकऱ्याला कळतंही लवकर.

दुसरं दुखणं फॉण्टचं. छपाईसाठी वापरले जाणारे बरेच जुने फॉण्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत, वापरत नाहीत. त्यांत मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, आणि मग रफार आणि ऱ्य-ऱ्ह नजरेखालून घाला, कारण चुका तिथेच राहतात. हॅशटॅगमध्ये जागा सोडली की टॅग तिथेच तुटतो, म्हणून शब्द अधोरेषेने जोडा. ‘हापूस’ आणि ‘हापुस’ हे दोन वेगळे टॅग होतात. गटाने एक रूप ठरवावं आणि सगळ्यांनी तेच लिहावं.

प्रश्न (कोल्हापूर जिल्हा): गावच्या पाण्याच्या वेळा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. मागच्या आठवड्यातला संदेश पुन्हा फिरला आणि लोक घागरी घेऊन उभे राहिले.

उत्तर: ‘उद्या पाणी येणार नाही’ या वाक्यातलं ‘उद्या’ काढा. फॉरवर्ड झालेल्या संदेशावर मूळ संदेश कधी लिहिला ते दिसत नाही. वार, तारीख, वेळ, प्रभाग आणि कळवणाऱ्याचा हुद्दा, एवढं पहिल्या दोन ओळींत हवंच. चूक झाली तर १५ मिनिटांच्या आत संदेश दुरुस्त करता येतो, पण तोवर पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. मग ‘दुरुस्ती’ असं वर लिहून पूर्ण संदेश नव्याने टाका. नुसतं ‘वेळ बदलली’ म्हणू नका.

ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. गाव त्याहून मोठं असेल तर चॅनेल काढा. तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, हे महिलांसाठी विशेष सोयीचं.

प्रश्न (ठाणे): ‘आगाऊ पैसे पाठवतो’ म्हणून गिऱ्हाइकाने क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करावा का?

उत्तर: अजिबात नाही. पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही आणि यूपीआय पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉटही बनवता येतो, म्हणून बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्यावरच पेटी बांधा. फसवणूक झाली तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.