कुपीतले इंजेक्शन घेण्याआधी
तुम्ही अमेरिकेत वजन कमी करण्याचे उपचार नव्याने सुरू करत आहात, म्हणून किंमत पाहण्याआधी मंजूर औषध आणि फार्मसीत बनवलेले औषध यांतला फरक नीट समजून घ्या. वेगोव्ही (घटक सेमाग्लुटाइड) आणि झेपबाउंड (घटक टिर्झेपटाइड) ही एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, मंजूर केलेली औषधे आहेत. कंपाउंडिंग फार्मसीत, म्हणजे स्वतः औषध मिसळून बनवणाऱ्या औषधालयात, तयार होणाऱ्या सेमाग्लुटाइडची सुरक्षितता वा दर्जा मात्र एफडीए विक्रीपूर्वी तपासत नाही. मंजूर औषधाच्या तुटवड्यामुळे अशा सेमाग्लुटाइडला मिळालेली मोकळीक फेब्रुवारी 2025 मध्ये तुटवडा संपल्याचे जाहीर झाल्यावर बरीच आटली.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती मात्रेची. वेगोव्हीच्या पेनमध्ये सुरुवातीची 0.25 मिलिग्रॅमची मात्रा आधीच ठरलेली असते, पण कुपीतून ती आपणच इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये ओढायची असते. द्रावण मिलिलिटरला 2.5 मिलिग्रॅमचे असेल तर सिरिंजवरचे 10 युनिट (0.1 मिलिलिटर) बरोबर ठरतात. पुढची कुपी मिलिलिटरला 5 मिलिग्रॅमची आली आणि तुम्ही सवयीने 10 युनिटच ओढलेत, तर दुप्पट औषध शरीरात जाते. अशा चुकांमुळे उलट्यांनी बेजार होऊन रुग्णालय गाठावे लागलेल्यांच्या नोंदी एफडीएकडे आहेत, तेव्हा दर कुपीचे लेबल वाचून युनिटचा हिशोब फार्मासिस्टकडून लिहून घ्या. लेबलवर ‘सेमाग्लुटाइड सोडियम’ दिसले, तर ती कुपी घेऊच नका. मंजूर औषधातला घटक तो नव्हे. खर्च झेपत नसेल, तर डॉक्टरांना तसे मोकळेपणाने सांगा आणि उत्पादक कंपनीच्या सवलतीच्या दरांची चौकशी करा.