वाचकांचे प्रश्न : फिडलवाला काउबॉय

प्रश्न : अमेरिकन संगीतकार बॉब विल्स मूळचे फिडल (म्हणजे व्हायोलिन) वादक. मग ते काउबॉय चित्रपटांत कसे आले? त्यांचं वादन कसं ओळखायचं?

उत्तर : रेडिओमुळे. टेक्सासमध्ये 1905 साली जन्मलेले विल्स 1934 पासून ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराच्या रेडिओवर गाजत होते. 1940 मध्ये ते टेक्स रिटर नायक असलेल्या चित्रपटात झळकले. पुढे कोलंबिया या चित्रपट कंपनीच्या चित्रपटांत अभिनेता रसेल हेडनसोबत दिसले. अभिनय बेताचाच, पण फिडल हाती आली की पडदा उजळतो!

ओळखायला सोपं : निव्वळ कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या) संगीतात तेव्हा सहसा नसणारे ड्रम्स आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) विल्स यांच्या संगीतात आहेत, शिवाय स्टील गिटार (तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवायची गिटार). सुरांच्या मध्येच विल्स उंच आवाजात लांबलचक ‘आ-हा’ घालतात, वादकाला नावाने पुकारतात आणि लगेच त्याचा सोलो सुरू होतो. कान तिथेच ठेवा.