दारू सोडताना डीबीटीचा खरंच उपयोग होतो का?

होतो. डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, बोलून आणि सरावातून करायचा मानसोपचार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी ही पद्धत मुळात सतत आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी बसवली. व्यसनासाठी नंतर वापरात आली. गाभा असा: आजपासून थेंबही नाही, हे पक्कं. पण पाय घसरलाच, तर 'गेलं सगळं' म्हणत बाटली संपवायची नाही, तिथूनच मागे फिरायचं. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. हे आम्हां वेंगुर्लेकरांना वेगळं काय सांगायचं!

माझा मावसभाऊ होडी किनाऱ्याला लागली की थेट गुत्त्यावर. आता डीबीटीतल्या युक्तीप्रमाणे आधी मासळीच्या बर्फाचं पाणी बादलीत घेऊन, श्वास रोखून तोंड बुडवतो. (वास येतो म्हणे.) त्याने ठोके मंदावतात, डोकं थाऱ्यावर येतं. हृदयविकार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

रोज पिणाऱ्याने मात्र एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये, फिट येऊ शकते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मोफत आहे.